चंपाच्या खोलीतले नऊ टीव्ही

चंपाचं घर माझ्यामुळे गेलं हे सगळ्या बंदरवाडीला ठाऊक होतं, आणि एक चंपा सोडली तर सगळे ते मला बोलूनही दाखवत होते.

गोष्ट दोन हजार आठ सालची. भाईंदर पश्चिमेला, बंदराच्या रस्त्याला लागून आमची वस्ती होती. चौसष्ट खोल्या, मधून एक गल्ली, गल्लीच्या एका तोंडाला रस्ता आणि दुसऱ्या तोंडाला खाडी. माणसं बहुतेक रत्नागिरी-रायगडकडची. पुरुष स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात नाहीतर रिक्षावर, बायका टॉवरमध्ये पोळ्या लाटायला. त्या वर्षी पालिकेची योजना आली. वस्ती पाडून तिथेच इमारत उभी करायची, ज्याला त्याला एक खोली, एक स्वयंपाकघर आणि संडास आतल्या आत. संडास मी शेवटी लिहिला, पण वस्तीत बोलणं सुरू व्हायचं ते तिथूनच.

पैसे थोडे दिल्लीहून येणार होते, थोडे राज्याकडून, आणि उरलेला वाटा पालिकेने घालायचा होता. तो कुठून? तर टॉवर बांधताना बिल्डर पालिकेला जे विकास शुल्क भरतात, त्याच्यातून. हे मला पेपरात कळलं नाही. मी हिनाबेनच्या घरी अठरा जणांचा चहा करत होते, तेव्हा कळलं.

हिनाबेनचं घर सहाव्या मजल्यावर. मी त्यांच्याकडे आठ वर्षं स्वयंपाकाला. त्या रविवारी त्यांच्या हॉलमध्ये सोसायटीची मीटिंग होती आणि त्यांचे मिस्टर अल्पेशभाई तावातावाने बोलत होते.

"बिल्डर ने अपनी जेब से भरा क्या? फ्लॅट के भाव में हमसे ही निकाला. अपने रोड पे आज भी गाडी का पेट घिसता है, गटर का ठिकाना नहीं, और हमारा डेव्हलपमेंट का पैसा झोपडे में जाएगा?"

खोटं नव्हतं ते. त्यांच्या रस्त्यावरून मीही रोज चालत होते आणि दोनदा पाय मुरगळून घेतला होता.

मग कोणीतरी म्हणालं, "कैसे गरीब? एक एक के घर में टीव्ही है, फ्रिज है. कोई अंदर जाके देखे तो."

"वही लिखना है अर्जी में," अल्पेशभाई म्हणाले.

मी ट्रे घेऊन आत आले. हिनाबेन ओट्याशी खाखऱ्याचा डबा उघडत होत्या. हळूच म्हणाल्या, "नीलिमा, तेरा फ्रिज तो मैंने ही दिया था ना?"

"हां भाभी."

"चलता है?"

"चलता है. खाली दरवाजा बराबर नहीं लगता."

"वो तो मेरे पास भी नहीं लगता था," त्या म्हणाल्या, आणि खाखऱ्यांची बशी माझ्या हातात दिली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच. पुढच्या आठवड्यात सर्व्हे होता. सर्व्हेवाले आत शिरणार, टीव्ही बघणार, फ्रिज बघणार, टॉवरवाल्यांचं खरं निघणार आणि आमचा संडास गेला. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण वडा बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही, म्हणून वस्तीत माझ्या शब्दाला वजन. संध्याकाळी नळावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "सर्व्हेच्या दिवशी घरात गरिबी दिसली पाहिजे."

तुळशीरामकाका तिथेच दाढी करत होते. चौथ्या खोलीत राहायचे, कारखान्यात मुकादम होते आणि वस्तीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचा. गालावर फेस तसाच ठेवून म्हणाले, "म्हणजे आता जी आहे ती पुरत नाही?"

सगळे हसले, पण ऐकलं सगळ्यांनी माझंच.

सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न नव्हता. चंपाच्या खोलीत. तिची खोली शेवटची, खाडीच्या अंगाला, चौसष्ट नंबर. नवरा धाकू चार वर्षांमागे पॉलिशच्या धुळीने छाती भरून गेला. मूलबाळ नाही. त्याच कारखान्यात ती आता भांडी पुसून कागदात गुंडाळायचं काम करायची, सकाळी सातला जायची ती दिवे लागल्यावर यायची. आमचं पाणी सकाळी दहाला येतं, म्हणून जाताना ती खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन जायची आणि मी तिचे दोन हंडे भरून ठेवायची. असं चार वर्षं चाललं होतं.

तिला विचारलं तर म्हणाली, "ठेवा की. माझी खोली नायतरी दिसभर मोकळीच असते."

माझा हिशोब पक्का होता. सर्व्हे एक नंबरपासून म्हणजे रस्त्याकडून सुरू होणार. पहिल्या दिवशी तीस-पस्तीस खोल्या होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान ज्याचं त्याला परत, चंपाची खोली रिकामी, आणि चंपा खाडा करून दारात बसलेली. कोकणातल्या माणसाने एवढी आखणी केली की समजावं काहीतरी राहिलंय.

सर्व्हेच्या दिवशी चंपा कामावर गेल्यावर आम्ही सामान हलवलं. नऊ टीव्ही, चार फ्रिज, सहा मिक्सर, एक शिलाई मशीन. तुळशीरामकाकांच्या टीव्हीवर त्यांच्या मुलीने विणलेलं लाल क्रोशाचं झाकण होतं, ते काढू देईनात. आमचा टीव्ही माझा नवरा आत्माराम एकटा उचलून घेऊन गेला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला, कोणी ओळखू नये म्हणून. टीव्ही पाठीकडून ओळखू येत नाही हे मलाही नवीन होतं. कुलूप मी लावलं.

आणि सर्व्हेची जीप आली खाडीकडून.

रस्त्याच्या तोंडाशी गटाराचं काम काढलं होतं. टॉवरवाल्यांच्या गटाराचं. रस्ता खणून ठेवलेला, म्हणून जीप वळसा घालून मागून आली. मी एक नंबरच्या दारात पदर खोचून उभी, आणि साहेब चौसष्ट नंबरपासून सुरू. अमोल नाव होतं त्यांचं. तिशीचे, गळ्यात कॅमेरा, बगलेत फॉर्मचा गठ्ठा. मी धावत पोचेपर्यंत त्यांनी चंपाच्या खिडकीला डोळा लावला होता आणि खिडकीतून फोटोही काढला होता.

"ही बंद आहे," ते म्हणाले. "कोणाची?"

"चंपाची. कामाला गेलीय."

"आत दुकानाचा माल आहे ना? रिपेअरिंगचं दिसतंय."

आता मी खरं सांगायला हवं होतं. नऊ शब्दही लागले नसते. पण माझ्यामागे चाळीस माणसं उभी होती आणि सगळी माझ्या पाठीकडे बघत होती. मी म्हणाले, "सामान आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि त्रेसष्टला गेले.

दिवसभर मी त्यांच्या मागे मागे, आणि माझा तीस-पस्तीसचा हिशोब मोडून त्यांनी एका दिवसात सगळी वस्ती उरकली. प्रत्येक खोलीत भिंतीवर टीव्हीच्या मापाचा स्वच्छ चौकोन आणि खाली लोंबणारी केबलची वायर. तुळशीरामकाकांना त्यांनी विचारलं, "ही वायर कसली?"

"रुमाल वाळत घालतो," काका म्हणाले.

"गोल गुंडाळून?"

"छोटे रुमाल."

त्याच्या थोडं आधी माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांनी माझी सही घेतली, रेशनकार्ड बघितलं, आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "ताई, सकाळपासून बघतोय. सगळ्यांचे टीव्ही चोरीला गेलेत का? माझ्या फॉर्ममध्ये टीव्हीचा रकानाच नाही. रेशनकार्ड, लाइटबिल, मतदारयादी, आणि घरात माणूस राहतो की नाही. बास."

तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं. म्हटलं, रकानाच नाही तर चंपालाही काही होणार नाही. माणूस स्वतःच्या सोयीचं किती पटकन समजून घेतो.

त्याच रात्री, चंपा घरी आल्यावर, सामान ज्याचं त्याने परत नेलं. तीन आठवड्यांनी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात यादी लागली. मी चंपाला सोबत घेऊन गेले, कारण तिला वाचता येत नाही. त्रेसष्ट नावांपुढे पात्र. शेवटी, चंपा धाकू मांडवकर, अपात्र. कारण: अनिवासी वापर, विद्युत वस्तूंचे गोदाम.

"म्हंजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे तिथे कोणी राहत नाही, असं लिहिलंय."

ती यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी कुठं राहते?"

येताना रिक्षात ती खाडीकडे बघत होती. वस्तीच्या तोंडाशी उतरल्यावर तिने हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी कमरेची किल्ली काढून तिला दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिचे हंडे भरणं बंद झालं. नळ दहाला, ती कारखान्यात. संध्याकाळी येऊन ती बोअरिंगचं पाणी भरायची. आमच्या बोअरिंगचं पाणी म्हणजे अर्धी खाडीच, त्यात डाळ शिजत नाही.

मी पुन्हा वॉर्ड ऑफिसात गेले, एकटी. तिथे योजनेच्या टेबलावर काशीनाथ भोईर नावाचे क्लार्क होते, घोडबंदरचे. जाडजूड, चष्मा कपाळावर. मी सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी फाइल काढून फोटो बघितला, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा बघितला.

"नऊ?"

"नऊ."

"माझ्या घरी एकच हाय, तोही थापट मारल्यावर चालतो." त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. "बाई, हरकतीची मुदत आहे, पण नुसती हरकत चालणार नाही. सरकारी फोटो आहे. ज्याचा टीव्ही त्याने लिहून द्यायचं, की हा माझा, त्या दिवशी तिथे ठेवला होता. नऊच्या नऊ जणांनी."

"आणि नाही दिलं तर?"

"एकोणीस तारखेला महासभा. विकास शुल्कातून या कामाला निधी द्यायचा ठराव त्या दिवशी. यादीत जितकी नावं तितक्याच घरांचा निधी. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. मग चौसष्टावी माझ्या मागे उभी राहून रडली तरी मी काय करणार? आणि त्या टॉवरवाल्यांचीही अर्जी आलीय. महासभेत ते काय कमी ओरडणार नाहीत."

सात तारीख होती. त्यात पुढे शिमगा. महासभा झाली की अर्धी वस्ती गावाला पालखी नाचवायला जाणार. मला रात्री झोप नाही, दिवसा पोळी गोल नाही. अल्पेशभाई म्हणाले, "आज रोटी है के नक्शा?" मी दुसरी लाटायला घेतली. त्यांच्या टेबलावर ती अर्जी पडली होती, खाली सह्यांची रांग.

त्या रात्रीपासून मी घरोघर फिरले. लिहून द्यायला कोणी तयार नाही. तुळशीरामकाकांनी तर दारातच अडवलं.

"काय लिहून द्यायचं? सर्व्हेपासून टीव्ही लपवला, असं? हा कागद उद्या कोणाच्या हातात जाईल? पहिलं नाव माझंच कापतील."

"काका, टीव्हीचा रकानाच नाहीये फॉर्ममध्ये."

"फॉर्ममध्ये नाही. अर्जीत आहे ना त्या तुझ्या टॉवरवाल्यांच्या? तूच सांगितलंस. आधी म्हणालीस लपवा, आता म्हणतेस दाखवा. उद्या काय सांगशील, हळदकुंकू वाहा?"

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या घरात सहा माणसं. मुलगी लग्नाची, आणि पाहुणे बघायला आले की संडास कुठेय विचारायचे.

मी पुन्हा भोईरांकडे. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला. "लिहून देत नाहीत, बरोबर आहे. आमच्या गावातही कोणी कागदाला हात लावत नाही. अंगठा दिला आणि जमीन गेली असं बघितलंय सगळ्यांनी." मग टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. "मी स्थळपाहणी लावतो. तेरा तारीख, गुरुवार, सकाळी अकरा. फोटो घेऊन येतो. एकेक वस्तू ज्याच्या त्याच्या घरात मला दिसली पाहिजे. लिहायला नको, बोलायला नको. नुसतं दार उघडं ठेवा."

एवढं तरी लोक करतील असं मला वाटलं. मी पुन्हा घरोघर गेले. कोणी हो म्हणालं, कोणी बघू म्हणालं. आमच्याकडे बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

बुधवारी हिनाबेनना मी गुरुवारची सुट्टी मागितली आणि कारण सांगितलं. त्या कपाटाकडे गेल्या आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. फ्रिजचं बिल. "दिखा देना. लिखा है ना इसमें नंबर." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "तेरे भैया ने मुझसे भी सही मांगी थी अर्जी पे. मैंने बोला, फ्रिज मैं दूँ और उसी फ्रिज के लिए इसका घर मैं रोकूँ? अब दो दिन से बात नहीं करते. अच्छा है, शांती है."

गुरुवारी सकाळी मी लवकर उठले, चार घरी आठवण करून आले, नळावर गेले, आणि घरात शिरले तर आमचा टीव्ही नव्हता. कोपऱ्यात तो स्वच्छ चौकोन आणि वायर.

आत्माराम पहाटेच रिक्षा घेऊन गेला होता. मी फोन लावला.

"टीव्ही कुठाय?"

"नया नगरला. गॅरेजमध्ये."

"आज पाहणी आहे हे माहीत नाही तुला?"

"माहीत आहे म्हणूनच नेला," तो म्हणाला. "फ्रिज बघू दे त्यांना, तो जुना आहे. टीव्ही नवा दिसतो. तू जगाचं बघ, मी घराचं बघतो."

"घेऊन ये."

"पॅसेंजर आहे," म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे वस्तीभर दारं उघडी ठेवा सांगत फिरले ती मी, आणि माझ्याच घरातला टीव्ही पळालेला. कोणाला सांगणार? अकराला भोईर आले आणि मी त्यांच्या पुढे चालू लागले.

सुरुवात चंपापासून. तिने खाडा केला होता. दारात उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. आत एक खाट, एक स्टोव्ह, दोन हंडे, भिंतीवर धाकूचा फोटो आणि त्याच्या शेजारी गावच्या देवाचा. भोईरांनी खोली बघितली, मग हातातला फोटो, मग पुन्हा खोली.

"इथे नऊ टीव्ही मावले कसे?"

"मी नव्हते," चंपा म्हणाली. "कामाला होते."

गल्लीत बघितलं तर निम्मी दारं बंद. उघडी होती त्यांतले चार टीव्ही भोईरांना सापडले, दोन फ्रिज सापडले. माझा फ्रिज मी बिलासकट दाखवला. "ह्याचं दार उघडंच राहतं का?" त्यांनी विचारलं. "हो, आधीपासून." टीव्हीच्या कोपऱ्याकडे त्यांनी बघितलं, मीही बघितलं, आणि पुढे गेलो.

चौथ्या खोलीचं दार बंद. आत माणसं होती, कुकरची शिट्टी झाली. भोईर गल्लीत उभे राहिले. त्यांनी चंपाला जवळ बोलावलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "बाई, संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा हे सगळं तुमच्या खोलीतच होतं. हा लाल झाकणवाला टीव्ही कोणाचा?"

त्या लाल झाकणाची लोकर चंपाने स्वतः बाजारातून आणून दिली होती. तुळशीरामकाकांच्या मुलीला पहिला टाका तिनेच शिकवला. वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

चंपाने फोटो हातात घेतला, बघितला आणि परत दिला. मग म्हणाली, "मला म्हाईत न्हाय."

"बाई, तुमचं घर यावर आहे."

"व्हय. पण मला म्हाईत न्हाय."

"हा उलटा ठेवलेला?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "म्हाईत न्हाय, साहेब. माझ्याकडं ठेवाया दिलं म्हंजे मी नाव सांगायचं नसतं."

मग चौथ्या खोलीची कडी वाजली. तुळशीरामकाका बाहेर आले, अर्ध्या चड्डीवर, हातात ते लाल झाकण. ते त्यांनी भोईरांच्या पुढे धरलं, जसं काही पंचनाम्यातला पुरावा. "माझा. आत आहे. या बघायला. केबल नाहीये सध्या, रुमाल वाळत घातलेत."

मग आणखी दारं उघडली. एक, दोन, तीन. भोईर जात राहिले, फोटोवर खुणा करत राहिले. शेवटी गल्लीच्या मधोमध येऊन थांबले.

"फ्रिज चार झाले. टीव्ही आठ. नववा?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला माहीत होतं की आत्ता कोणी विचारणार नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. उलटा टीव्ही कोणाचा ते.

"आठावर भागणार नाही?" काकांनी विचारलं.

"साहेब विचारणार नववा कोणाचा. मी काय सांगू, खाडीत गेला?"

मी आत गेले आणि मुलाच्या वहीचं पान फाडून आणलं. दाराच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं. अक्षर चांगलं आलं, तेवढा एक अभिमान आहे मला. लिहिलं की, नववा टीव्ही माझा. तो आज इथे नाही, कारण आम्ही पुन्हा लपवला. सर्व्हेच्या दिवशी सगळं सामान चंपा मांडवकरच्या खोलीत ठेवायला मीच लावलं. तिच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, कुलूप मी लावलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही. चंपा या खोलीत वीस वर्षं राहते. खाली नाव, खोली नंबर अकरा, सही.

भोईरांनी उभ्याउभ्या वाचलं. "हे फाइलला लागणार, बाई. कळतंय ना? तुमच्याच नावावर हरकत आली तर हाच कागद पुढे येईल."

"कळतंय," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली आणि तेवढ्यात खाडीकडून रिक्षाचा आवाज आला. आत्माराम. मागच्या सीटवर टीव्ही, चादरीत गुंडाळलेला, कडेने उशी लावलेली, दवाखान्यात न्यावं तसा. त्याने रिक्षा बंद केली, कोणाकडे न बघता टीव्ही उचलला आणि आमच्या घरात नेऊन ठेवला. या वेळी तोंड पुढे.

"नववा," तुळशीरामकाका म्हणाले.

"साहेब, मग तो कागद परत द्या की," आत्माराम म्हणाला. त्याला कागदाबद्दल कोणी कधी सांगितलं देव जाणे.

"कसा देऊ?" भोईर म्हणाले. "आठ घरात बघितले, नववा रिक्षातून आलेला बघितला. साहेबांना मी हे कसं पटवणार? कागद आहे म्हणून चौसष्टावी बसते. टीव्हीने नाही बसत." त्यांनी कागद फाइलमध्ये लावला, टाचणी टोचली आणि गेले.

त्या दिवशी आत्माराम माझ्याशी बोलला नाही. जेवताना एकदाच म्हणाला, "पॅसेंजरला मध्येच उतरवलं मी." मला वाटतं ती माफी होती. की तक्रार होती? अजून विचारलेलं नाही.

एकोणीसच्या महासभेला आम्ही दहाजणी बाहेर बसलो होतो. आत पुष्कळ ओरडाआरड झाली म्हणतात. टॉवरवाल्यांच्या रस्त्यालाही काही मिळालं, आणि विकास शुल्कातून घरांचा ठरावही झाला. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात पुरवणी यादी लागली. एकच नाव. ते मी चंपाला तीनदा वाचून दाखवलं. निवासी. मग मी जुन्या यादीत स्वतःचं नाव शोधलं. अकरा नंबर, पात्र. आहे. त्या दिवशी तरी होतं.

तेव्हापासून मला सवय लागलीय. पालिकेचं कोणी फाइल घेऊन गल्लीत शिरलं की हातातलं काम थांबतं. टाचणीचा गंज बघून कागद जुना झालाय असं कोणाला वाटेल का, की उलट नीट उघडून वाचतील? इमारतीचा पाया घालायच्या, पायलिंगच्या मशिनी अजून यायच्यात. तोवर कितीजण ती फाइल चाळतील कोण जाणे. हिनाबेन म्हणतात, "इतनी फाइल है, कौन पढता है." मी पडलेला प्रत्येक कागद वाचते, म्हणून मला ते पटत नाही.

शिमग्याला अर्धी वस्ती गावाला गेली. चंपा गेली नाही. सोमवारी सकाळी पावणेसातला ती कामाला निघाली, आमच्या दाराशी थांबली आणि चपला न काढता हात आत केला. किल्ली होती.

"धाला पानी आलं तर भर," ती म्हणाली.

मी किल्ली कमरेला लावली. ती चार पावलं गेली आणि मागे वळली.

"आन कोनी काय ठेवाया आनलं, तर सांग माझी खोली भरलीय."